पपांच्या बावीस खिडक्या

बिडफर्ड, मेन
९ मार्च १९९३

प्रिय नॉर्मां,

तुमच्या ॲरिझोनात म्हणे या आठवड्यात लोक पोहताहेत. पोहा बाबा. इथं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर बर्फ धरलंय, तेही आतल्या बाजूनं, आणि तुझी नात ते बोटानं खरवडून चाटते. मी हात पुसते, ती पुन्हा चाटते. शी!

फोनवर मला आता निम्मं ऐकू येत नाही, डाव्या कानाचं तर काही खरं नाही, म्हणून लिहिते. तूही लिहीच.

विषय खिडक्यांचा आहे. ऑक्टोबरात तुझी लेक निकोल नवऱ्याचं घर सोडून, जोसीला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी एक शब्द विचारला नाही. वरची पुढची खोली दिली, आपली तिघांची होती ती. आता बाईसाहेबांचं म्हणणं, खोलीत वारा येतो, तावदानं खडखडतात, लेकरू शिंकतं. नव्या खिडक्या घ्या. आणि मला न विचारता तिनं शनिवारी एक विक्रेता घरी बोलावला.

दुपारी एकला आला तो पाचला गेला. चार तास! हात लोण्यासारखे मऊ, तोंडात सारखी दालचिनीची गोळी, आणि हातात नमुन्याची छोटी खिडकी. पांढरं प्लास्टिक, मूठ लावलेली, सुटकेससारखी. नव्या न्हाणीघराच्या पडद्याला येतो तसला वास तिला. पपांच्या टेबलावर ठेवली, मागं एक दिवा लावला आणि म्हणाला, "काचेला हात लावून बघा, मॅडम. ऊब येतेय का आरपार?"

"नाही."

"बघा!"

"काय बघू? मेनमध्ये राहून मी ऊब बाहेर ठेवायला काच घेऊ?"

निकोल हसली, पण तो हलेना. मला म्हणाला, वरचं आणि खालचं, दोन्ही तावदानं सरकतात, आत कलतात, बसल्याजागी पुसता येतात. पपांच्या खिडक्यांचीही दोन्ही सरकायची, आता वरची सगळी रंगानं चिकटून बसलीत, तेवढं खरं. मग त्या माणसानं काय करावं? खालचं तावदान उचललं, खाचेतून बोट फिरवलं, आणि ते काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "यात राहता तुम्ही? लहान मूल घेऊन?"

मी उठले. त्याचा नमुना उचलला, मागच्या दारानं बर्फात नेऊन उभा केला आणि सांगितलं, "जा, तुमची खिडकी बाहेर वाट बघतेय."

चीड जाईना म्हणून मी सगळं घर पुसून काढलं. प्लास्टिकच्या खिडक्या म्हणजे चांगल्या बाईच्या तोंडात कवळी बसवल्यासारखं दिसेल हे घर. पण वारा येतो हेही खोटं नाही. तू पपांच्या हाताखाली नऊ वर्षं सुतारकाम केलंस. दुरुस्त करू की बदलू? बावीस आहेत.

आपल्या एमीलकडे दर रविवारी साकोला जाते. त्याला सांभाळणाऱ्या त्या घरातल्या बाया चांगल्या आहेत, जेवण बेचव. तुझी आठवण काढतो. "नॉर्मांकडे उंट आहे का?" विचारतो. आहे म्हणून सांगितलंय, आता तू निस्तर.

तुझी
लोरेट


टूसॉन, ॲरिझोना
१९ मार्च

प्रिय ताई,

बदल. सगळ्या बदल, बावीसच्या बावीस. प्लास्टिकच्या, लाकडाच्या, कसल्याही. त्या माणसाला परत बोलाव हवं तर.

तू स्वतः काही करू नकोस. खरवडू नकोस, घासू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, हातात खरवडणी घेऊन शिडीवर चढशील. चढू नकोस. मला त्या खिडक्यांची किळस आहे. नेहमीच होती. जुना माल, जुना रंग, कोळी, माशा. त्यात जपण्यासारखं काही नाही.

जोसीला मागच्या खोलीत हलव, तिथं ऊन येतं.

इथं बरं आहे. पाठ दुखते. उंटाचं बघतो.

नॉर्मां


बिडफर्ड
६ एप्रिल

नॉर्मां,

तुझं पत्र वाचलं, निकोललाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबांना काय झालंय?" मी म्हटलं, बाबांना काही झालेलं नाही, बाबांना लाज वाटते.

खरं सांग, तुला घर विकायचंय ना? प्लास्टिकच्या खिडक्या लावल्या की घर विकायला सोपं, हे तो विक्रेताही म्हणाला होता. आणि पपांच्या हातच्या कामाची किळस? १९३४ साली त्या माणसानं गिरणीतून सुटून आल्यावर एकेक खिडकी रंधून उभी केली. रंग दुकानातला पातळ नाही, स्वतः घोटलेला. या स्वयंपाकघरात बसून जवसाच्या तेलात पांढरं शिसं घोटायचे आणि म्हणायचे, "गवर्नरच्या घरालाही याहून भारी रंग नाही." तू ॲरिझोनात वाळूत घर बांधलंस, त्याला किती वर्षं झाली आणि किती तडे गेलेत?

तर मी ठरवलं. दुरुस्त करणार. वाचनालयातून पुस्तक आणलं. पुढच्या खोलीपासून सुरुवात केली, कारण तिथंच वारा जास्त. खिडकीशेजारची फळी उचकटली तर आत तावदान तोलून धरणारी पपांची लोखंडी वजनं जशीच्या तशी, दोऱ्या मात्र कुजलेल्या. नव्या दोऱ्या ओवल्या. रंगाचे थर किती असतील? मी सात मोजले. वरचे सुटे होतात, पण तळाचा पांढरा दगडासारखा. खरवडणीनं, मग पॉलिश पेपरनं. चार दिवस अंगावर, केसांत, चहात, सगळीकडे पीठ. निकोल कामावरून आली की म्हणते, आत्याआजी भूत झाली.

घाण होती हे मान्य करते. खालच्या खाचेत वाळलेल्या माशांचा बोटभर थर, त्यात रंगाची साल, केस, आणखी कसलं तरी चिकट काळं. मी चमच्यानं काढलं आणि तो चमचा फेकून दिला. आणि आठवतं, खिडकीखालच्या आतल्या फळीवर पपांनी जस्ताचा पत्रा ठोकला होता, लाकूड कुजू नये म्हणून? तोही काढला. खाली लाकूड ठणठणीत! नुसती कड कुरतडलेली, ओळीनं. उंदीर. इतक्या वर्षांपूर्वीचे उंदीर, तरी मी दोनदा हात धुतले.

जोसी मात्र खूश. पत्रा निघाल्यापासून ती फळी तिचीच झालीय. पायाखाली उशी घेऊन उभी राहते, आई दिसेपर्यंत रस्त्याकडे बघत. दाढा येताहेत, म्हणून फळीच चावत बसते. अगदी एमील. तोही तिथंच उभा असायचा, तसाच लाळ गाळत. मला मधूनच दचकायला होतं. एमील पडला ते स्टूल मी या खोलीत येऊच देत नाही, का ते तुला माहीत आहे. मी अकरा वर्षांची होते आणि एक मिनिट पाठ वळवली होती, एकच. तेव्हापासून मी कुठल्याच मुलाकडे पाठ करत नाही.

असो. खिडकी आता एका बोटानं वर जाते. लाज वाटत असेल तर तू तुझी वाटून घे.

लोरेट


बिडफर्ड
२ मे

नॉर्मां,

तुझा फोन आला तेव्हा मी साकोला होते. निकोलनं घेतला. तू तिला म्हणालास, "उद्याच्या उद्या जोसीचं रक्त तपासून घे, शिशासाठी," आणि फोन ठेवलास. दुसरं काही नाही.

तिनं तपासलं. आकडा आला बावन्न. डॉक्टरीण म्हणाली, दहाच्या वर गेलं तरी आम्ही काळजीत पडतो.

पाच दिवस पोर पोर्टलंडच्या हॉस्पिटलात होती. आता शेजारच्या गान्यों बाईंनी त्यांच्याकडे दोन खोल्या दिल्यात, कारण आम्हाला आमच्या घरात झोपायची बंदी आहे. जोसीला कॅप्सूल फोडून सफरचंदाच्या गरात कालवून देतात. कॅप्सूल उघडली की सडक्या अंड्याचा भपकारा येतो. तिच्या तोंडाला, घामाला, लंगोटाला तोच वास. पोर तोंड फिरवते, निकोल तिचे हात धरते, मी चमचा धरते. आम्ही तिघी रडतो.

आरोग्य खात्याची परिचारिका घरी आली होती. हातमोजे घालून तिनं ओल्या कागदानं खिडकीची खाच पुसली, फळी पुसली, मी चार दिवस ज्या गालिच्यावर रंग खरवडला तो गालिचा पुसला. म्हणाली, "खिडकी जेव्हा जेव्हा वर-खाली होते, तेव्हा तेव्हा रंग रंगावर घासतो आणि त्याचं पीठ होतं. मुलांना ते गोड लागतं."

गोड लागतं, नॉर्मां. मी तिला एका बोटानं सरकणारी खिडकी करून दिली.

मला स्वतःच्या हातांची शिसारी येते. दिवसातून दहादा धुते. त्याच हातांनी मी तिला भरवत होते.

मग ती परिचारिका वही उघडून म्हणाली, "या घरात आधी लहान मुलं वाढलीत का?"

"आम्ही तिघं भावंडं."

"तिघांची तब्येत चांगली?"

"दोघांची. धाकटा एमील, तो स्टुलावरून पडला होता. डोक्याला मार. दोन वर्षांचा होता."

"पडल्यावर काय झालं?"

"फिट्स आल्या. उलट्या. बोलायला लागला होता, ते गेलं. मग कधी नीट शिकला नाही."

"आणि पडण्याआधी? पोटात दुखायचं? चिडचिड? चालताना तोल जायचा?"

मी म्हटलं, आठवत नाही. पण आठवत होतं. पडण्याआधी महिनाभर तो सारखा तोल जाऊन पडत होता. म्हणून तर आईनं मला त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं.

त्या फळीची कुरतडलेली कड तिनं बराच वेळ पाहिली. जाताना एवढंच म्हणाली, "उंदरांचे दात असे नसतात."

तुला कसं कळलं? इतक्या दुरून, नुसत्या माझ्या पत्रावरून तुला कसं कळलं?

लोरेट


टूसॉन
११ मे

प्रिय ताई,

तीन पत्रं लिहून फाडली. हे पाठवतो.

मला १९७१ पासून माहीत आहे. पपा हॉस्पिटलात होते, शेवटचा आठवडा. तू आणि आई एमीलला जेवायला घेऊन गेला होतात. पपांनी दार लावायला सांगितलं. म्हणाले, १९४३ साली पोर्टलंडच्या डॉक्टरनं एमीलच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढला होता. हाडांच्या टोकाला पांढऱ्या रेघा होत्या. डॉक्टरनं विचारलं, पोरगं रंग खातं का? पपा नाही म्हणाले. घरी येऊन बघितलं तर फळीच्या कडेला दातांचे व्रण. त्याच दिवशी त्यांनी पत्रा ठोकला. आणि आपल्याला सांगितलं, पडल्यामुळे झालं.

तू पडण्याचं सांगितलंस, रडत सांगितलंस, तेव्हा त्यांना ते बरं पडलं. त्यांनीच असं म्हटलं, "लोरेटनं मला दार उघडून दिलं आणि मी त्यातून निघून गेलो." मेमेर आजी आईला आयुष्यभर बोलत राहिली, पोर सोडून गिरणीत गेलीस म्हणून. तिथंही ते गप्प बसले. आपल्या मुलाला आपल्या हातच्या रंगानं असं केलं, हे त्यांना तोंडातून काढता येईना. मला म्हणाले, लोरेटला कळू देऊ नकोस, ती माझं तोंड बघणार नाही. मी शब्द दिला.

तो शब्द पाळला म्हणून मी गप्प राहिलो असं लिहून सुटता आलं असतं. तसं नाही. माझी इथली नोकरी ठरली होती. आई थकलेली, एमील तीस वर्षांचा, त्याला सांभाळायला माणूस हवा. त्या वर्षी ओव्हिलानं तुला दुसऱ्यांदा लग्नाचं विचारलं होतं. मला वाटलं, तुला खरं कळलं की तू ओव्हिलाला हो म्हणशील आणि निघून जाशील, आणि मग मला परत यावं लागेल. तुला वाटत होतं की हे सगळं तू देणं लागतेस. मी ते तसंच वाटू दिलं.

आणि ऑक्टोबरात निकोल तुझ्याकडे आली तेव्हा मला पहिल्यांदा तोच पत्रा आठवला. मी स्वतःची समजूत घातली की पत्रा आहे, वर नवे थर आहेत, कोण हलवतंय. मार्चमध्ये तू विचारलंस तेव्हा कारण लिहायला बसलो आणि "किळस आहे" एवढंच लिहिलं. तुझं एप्रिलचं पत्र पोस्टाच्या पेटीजवळ उभ्याउभ्या वाचलं आणि धावत आत जाऊन फोन लावला.

मला आणखी काही म्हणायचा हक्क नाही.

नॉर्मां


बिडफर्ड
१४ जून

नॉर्मां,

महिनाभर तुझं पत्र पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं, कारण ते हातात धरवत नव्हतं.

पपांवर मी रागावू शकत नाही. रागावायला माणूस समोर लागतो. त्यांची नुसती किळस येते, आणि तीही पूर्ण येत नाही, कारण डोळ्यांसमोर ते पत्रा ठोकताना येतात. तोंडात खिळे धरलेले, माझ्याकडे न बघता. मी बाजूला उभी राहून एकेक खिळा मोजून देत होते. "शहाणी माझी पोर," म्हणाले होते.

तुझं मात्र सगळं समोर आहे. ऐक.

पन्नास वर्षं मी दर ईस्टरच्या आधी चर्चच्या त्या कबुलीच्या लाकडी पेटीत गुडघे टेकून एकच पाप सांगत आले. तीन फादर बदलले. तिसरा तरणा होता, तो म्हणाला, "बाई, हे तुम्हाला केव्हाच माफ झालंय." मला वाटायचं, याला काय कळतंय. यातली बावीस वर्षं तू टूसॉनमध्ये बसून मला त्या पेटीत गुडघे टेकू दिलेस. ओव्हिला आठ वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोनं मला शोकसभेत कॉफी दिली.

याला मी काय म्हणू? खाचेतून चमच्यानं जे काढलं होतं, तसलं काहीतरी वाटतं.

आता खिडक्यांचं. तुला विचारत नाही, सांगते.

तीन माणसं बोलावली. पहिल्याला विचारलं, "जुनी चौकट ठेवून आत नवीन बसवणार, की चौकटीसकट काढणार?" तो म्हणाला, "चौकट कशाला काढायची? अर्ध्या दिवसात एक खोली होते." त्याला दार दाखवलं. दुसराही तेच. त्यानं तर चौकटीवर टिचकी मारली आणि बोट पँटला पुसलं. त्याला मी हात धुवायला पाठवलं आणि मग दार दाखवलं. तिसरा म्हातारा, माझ्यासारखाच बहिरा. म्हणाला, "चौकटीसकट, बाई. वजनांच्या पोकळीतसुद्धा पीठ असतं. ठेवलीत तर नव्या खिडकीच्या मागं तेच घेऊन झोपाल." त्याला ठेवलं.

शिशाचा रंग काढायचं प्रमाणपत्र असलेली माणसं आधी आली. पांढरे झगे, तोंडावर मुखवटे, घराला प्लास्टिक गुंडाळलं. रस्त्यावरचे लोक बघायला जमले, जणू घरात कोणी मेलंय. आणि त्यातच केनेबंकहून एक बाई मोटार थांबवून आली. पपांची तावदानं तिला हवी होती! तिच्या कॅफेत भिंतीवर टांगून त्यात फोटो लावायचे म्हणे. "किती गोड आहेत हो, आणि तो उडालेला रंग! तो तसाच राहू द्या." मी तिला विचारलं, "तुमच्याकडे लहान मुलं येतात?" "हो, खूप!" मी काय बोलले ते लिहीत नाही. निकोलनं मला आत ओढलं.

सगळं बांधून, सील करून गेलं. एक सोडून. ती फळी मी मागून घेतली. तीन पिशव्यांत बंद करून, वर लिहून, सोबतच्या पार्सलनं तुला पाठवते. उघडू नकोस, पण बघ. दातांचे व्रण बाहेरूनही दिसतात. वरचे चार, खालचे चार. तू इतकी वर्षं हे नुसतं ऐकून सांभाळलंस, आता बघून सांभाळ.

निकोलला मी काही सांगितलेलं नाही. "बाबांना कसं कळलं?" ती रोज विचारते. ते तू सांगायचंस. जुलैच्या एक तारखेपर्यंत वाट बघेन, त्यापुढं तुझ्यासाठी एकही दिवस गप्प बसणार नाही.

लोरेट


टूसॉन
२५ जून

ताई,

पार्सल मिळालं. टेबलावर ठेवलं. बायकोनं विचारलं काय आहे, तिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली.

खालचा एक दात वाकडा आहे. एमीलचा पुढं आलेला पक्का दातही तिथंच वाकडा आहे.

निकोलला याच टपालानं लिहिलंय. काही लपवलं नाही, ऑक्टोबरचंही नाही. तिनं उत्तर दिलं नाही तर समजेन. थँक्सगिव्हिंगला यायचं म्हणतो, तुम्ही येऊ दिलंत तर. नाही म्हटलंस तरी ठीक.

कुठल्या घेतल्यास शेवटी?

नॉर्मां


बिडफर्ड
३० ऑक्टोबर

नॉर्मां,

निकोलनं तुझं पत्र माझ्यासमोर वाचलं, घडी घातली, आणि जोसीला घेऊन नदीपर्यंत चालत गेली. आठ दिवस तुझं नाव काढलं नाही. मग एकदा भांडी घासताना म्हणाली, "त्यांनी मला त्या खोलीत झोपायला येऊ दिलं." तेवढंच. तुला काय लिहिते ते मी विचारत नाही.

जोसीचा आकडा आता एकोणीसवर आलाय. डॉक्टरीण म्हणते, हाडात गेलेलं सावकाश निघतं. शब्द थोडे आहेत, पण आहेत. "नको" फार छान म्हणते. पुढं काय राहील आणि काय नाही, हे शाळेत गेल्यावर कळेल. तोवर आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, दिलासा म्हणून नाही.

खिडक्या विचारल्यास. आतून पाइनचं लाकूड, बाहेरून ॲल्युमिनियमचं कवच, दुहेरी काच. वरचं आणि खालचं, दोन्ही तावदानं सरकतात. पुढच्या खोलीत मी म्हाताऱ्याकडून खालचं तावदान बोटभरच उघडेल असं करून घेतलं आणि वरचं पूर्ण. वारा वरून येतो, पोर खाली सुरक्षित. त्यानं बसवताना विचारलं, "बाई, हे आधी कुणी सुचवलं होतं का तुम्हाला?" म्हटलं, "नाही. मी खिडक्यांत बरीच वर्षं घालवलीत." बावीसही खिडक्यांपुढं मी वाकून प्रत्येकीच्या खाचेत बोट फिरवलं. काही नाही. तरी अजून रोज फिरवते. ती सवय काही जायची नाही.

एमीलला मी गेल्या रविवारी सांगितलं. साकोच्या त्या घरी पुडिंगची वाटी घेऊन बसला होता. म्हटलं, "एमील, तू आजारी पडलास ते माझ्यामुळे नाही. स्टुलावरून पडलास त्यामुळे नाही. रंग खाल्लास म्हणून."

तो म्हणाला, "पडलो होतो पण."

"हो. पडला होतास."

"तू कुठं होतीस?"

"पाठ वळवली होती."

"का?"

पन्नास वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. आईनं नाही, फादरांनी नाही, मी स्वतःला नाही. खूप आठवलं, तेव्हा सापडलं. "तुझ्यासाठी ब्रेडला लोणी लावत होते."

"मग दे ना," म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन ब्रेडला लोणी लावून आणलं. त्यानं खाल्लं आणि वाटी माझ्यापुढं सरकवली. बसमध्ये येताना मी एवढी रडले की ड्रायव्हरनं विचारलं, उतरायचंय का.

आता थँक्सगिव्हिंगचं. निकोल म्हणते, येऊ दे. एमीललाही आणणार आहोत, तो तुला उंटाबद्दल विचारेल, तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ये. मागच्या खोलीत तुझी गादी घालीन. गोडाचं आणि बटाटे मी करीन, टर्की मी भाजीन. तुझं ताट वाढीन, गरम वाढीन.

तुझ्या पंगतीला मात्र मी बसणार नाही. मी स्वयंपाकघरात जेवेन, दार उघडं ठेवून. या वर्षी तरी तसंच.

लोरेट